गावाकडच्या कोंबड्यांना थंडीत ऊब द्या, तीही दुकानातल्या टाकाऊ मालातून!

आपल्यापैकी बरेच जण नोकरी-दुकान मुंबईत करतात आणि मुरबाड, जव्हार किंवा नाशिककडे घरच्यांना शंभरेक कोंबड्यांचा जोडधंदा उभा करून देतात. पैसे आपले, मेहनत आई-वडिलांची. मग थंडीची तयारीही आपणच करून द्यायला नको का?

अंधेरीत पंखा लावून बसून गावच्या थंडीचा अंदाज बांधू नका. सांताक्रूझला पारा ७.४ अंशांवर आला होता, पण ते जानेवारी १९६२ मध्ये! निफाडकडे मात्र तो ५ अंशांच्या खाली जाणं नवीन नाही.

आधी हिशोब

अंड्यावरची कोंबडी दिवसाला साधारण ११० ग्रॅम खाद्य खाते. गारठली की अंग गरम ठेवायला जास्त खाते, पण अंडी काही त्यामुळे वाढत नाहीत. समजा १०० कोंबड्यांनी ५ टक्के जास्त खाल्लं. रोजचे ५५० ग्रॅम झाले. किलोला ४० रुपये धरा: दिवसाला २२, दोन महिन्यांत १,३२० रुपये. हे आकडे उदाहरणापुरते आहेत. खरा आकडा तुमच्या वहीतून निघेल, म्हणून खाद्य रोज मोजून लिहायला सांगा.

भंगारात देण्याआधी थांबा

बारदान, खाद्याच्या आणि सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, जुने फ्लेक्स, पुठ्ठ्याचे खोके. मुलुंड-घाटकोपरच्या कुठल्याही बाजारात हा माल फुकट किंवा अगदी थोड्या पैशांत मिळतो. सिमेंटच्या गोण्या झटकून, धुऊन घ्या.

- बाजूच्या जाळीला बारदानाचे पडदे शिवा. वाऱ्याच्या बाजूला बाहेरून फ्लेक्स लावा.
- पडदा खालून वर येऊ द्या आणि वरची एक फूट जागा उघडी ठेवा. दिवसा ऊन आलं की पडदे खाली करा.
- जमिनीवर भाताचं तूस किंवा लाकडाचा भुसा दोन-तीन इंच पसरा. रोज हलवा, ओला झालेला भाग काढून टाका.
- थर्माकोल नको. कोंबड्या तो टोचून खातात.

इथेच बहुतेकांची गल्लत होते. थंडी म्हटली की सगळं गच्च बंद! मग कोंबड्यांच्या श्वासाची वाफ आत साचते, भुसा ओला होतो, विष्ठेतून अमोनिया सुटतो आणि सर्दी-खोकला सुरू होतो. आपल्याला वारा अडवायचा आहे, हवा नाही.

पिल्लं असतील तर

पहिल्या आठवड्यात पिल्लांना सुमारे ३५ अंश ऊब लागते. पुढे दर आठवड्याला साधारण ३ अंश कमी करत जा. खोक्यांचे पुठ्ठे जोडून दीड फूट उंचीचं गोल कुंपण करा. गोलच का? कोपरा असला की गारठलेली पिल्लं तिथे एकावर एक चढतात आणि खालची गुदमरून मरतात.

बल्ब जुना, तारेचाच हवा. एलईडी उजेड देतो, पण ऊब देत नाही. पिल्लामागे साधारण २ वॅट धरा. बल्ब पक्का टांगा आणि पुठ्ठा, बारदान त्याच्यापासून लांब ठेवा. फुकटच्या पुठ्ठ्यापायी अख्खं शेड पेटायला नको! पिल्लं बल्बखाली गर्दी करत असतील तर ऊब कमी आहे, लांब पळत असतील तर जास्त आहे.

धंदा वाढवायचा विचार असेल तर गोरेगावच्या आरे कॉलनीत केंद्र सरकारची कुक्कुट विकास संघटना आहे. तिथे जाऊन प्रशिक्षणाची चौकशी करा.

आणि आज रात्री घरी फोन कराल तेव्हा एवढंच सांगा: उद्या पहाटे शेडमध्ये जाऊन कोंबडीच्या उंचीवर खाली बसा. डोळे चुरचुरले तर वरचा पडदा आणखी खाली घ्या.