चिप लोकेशन सांगत नाही, नंबर सांगते!

ज्यांचे इयरफोन ऐन वेळी घरी राहतात, त्यांच्यासाठी आजच्या भागाचं हे लिखित रूप. विषय आहे घरातल्या कुत्र्या-मांजरांना बसवतात ती मायक्रोचिप. आणि सुरुवात माझ्याच गाढवपणापासून.

गेल्या वर्षी लक्ष्मीपूजनाच्या रात्री शेजारच्या गल्लीत एक मोठी माळ लागली. पाहुण्यांसाठी दार उघडं होतं. आमचा बंड्या जो सुटला, तो जिना उतरून थेट अंधारात. रात्रभर आम्ही टॉर्च घेऊन फिरलो. आई रडत होती आणि मी तिला सांगत होते, "अगं, त्याला चिप आहे ना, सापडेल."

सापडला. पण पाचव्या दिवशी, आणि तोही कुणीतरी सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो टाकला म्हणून. नंतर कळलं की तिसऱ्याच दिवशी एका वॉचमनकाकांनी त्याला जवळच्या दवाखान्यात नेलं होतं. तिथे चिप स्कॅन झाली, नंबर मिळाला, नोंदही सापडली. फक्त त्या नोंदीतलं माझं सिमकार्ड बंद होऊन दोन वर्षं झाली होती. चिपने तिचं काम केलं होतं. मी माझं केलं नव्हतं.

तर ही चिप म्हणजे नक्की काय? तांदळाच्या दाण्याएवढी, साधारण १२ मिलिमीटर लांब काचेची नळी. डॉक्टर ती जाडसर सुईने मानेच्या मागे, दोन खांद्यांच्या मध्ये, कातडीखाली सोडतात. लस टोचताना दुखतं त्यापेक्षा थोडं जास्त दुखतं, पण भूल लागत नाही. काम काही सेकंदांचं.

आता सगळ्यात मोठा गैरसमज. ही चिप म्हणजे जीपीएस नाही! तिच्यात बॅटरीच नसते. मोबाईल उघडून "बंड्या आत्ता कुठाय" असं बघता येत नाही. मेट्रोचं कार्ड आठवा. ते खिशात असतं तेव्हा गप्प असतं, मशीनजवळ नेलं की जागं होतं. चिपचंही तसंच. स्कॅनर अंगाजवळ फिरवला की त्याच्या रेडिओ लहरींतून चिपला तेवढ्यापुरती ऊर्जा मिळते आणि ती एक नंबर परत पाठवते. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे असलेल्या चिपचा नंबर १५ आकडी असतो. बास. तुमचं नाव, पत्ता, फोन यातलं काहीही तिच्यात नसतं.

मग मालक कसा सापडतो? नोंदवहीतून. हा नंबर कुठल्यातरी डेटाबेसमध्ये तुमच्या नावासमोर लिहिलेला असावा लागतो. थोडक्यात, तीन कड्यांची साखळी आहे: अंगात चिप, समोरच्याकडे स्कॅनर आणि नोंदीत चालू फोन नंबर. एक कडी तुटली की बाकीच्या दोन असून नसून सारख्याच.

तिसरी कडी किती तुटते, बघा. अमेरिकेतल्या ५३ शेल्टरमधल्या नोंदींवरचा एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे आलेल्या सगळ्या बेवारस कुत्र्यांपैकी जवळपास २२ टक्के मालकाकडे परत गेले. चिप असलेल्यांपैकी मात्र ५२ टक्के. मांजरांमध्ये तर फरक आणखी मोठा: एरवी २ टक्क्यांहूनही कमी, चिपवाल्या मांजरांमध्ये ३८ टक्क्यांहून जास्त. म्हणजे चिपचा उपयोग आहेच. पण चिप असूनही ज्यांचे मालक सापडले नाहीत, त्यांच्यातलं सगळ्यात मोठं कारण काय होतं? चुकीचा किंवा बंद पडलेला फोन नंबर. तेव्हा या गाढवपणात मी एकटी नाही.

इंग्लंडमध्ये २०१६ पासून कुत्र्यांना आणि २०२४ पासून मांजरांना चिप बंधनकारक आहे, आणि माहिती अद्ययावत ठेवणं हीसुद्धा मालकाचीच जबाबदारी. आपल्याकडे गाई-म्हशींच्या कानात १२ आकडी नंबरचा पिवळा बिल्ला तुम्ही पाहिला असेल. पण घरातल्या कुत्र्या-मांजरांसाठी सगळ्या देशाची अशी एकच सक्तीची यादी नाही. म्हणून इथे प्रश्न आपणच विचारायचे.

चिप बसवताना डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा. चिप आंतरराष्ट्रीय मानकाची आहे का? नंबरची नोंद कुठे होणार: एखाद्या डेटाबेसमध्ये, की फक्त दवाखान्याच्या फाइलमध्ये? आणि नंबर बदलला तर तो मी स्वतः बदलू शकते का? चिपसोबत बारकोडचे स्टिकर मिळतात. एक लसीकरणाच्या वहीत चिकटवा आणि त्याचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. दरवर्षी रेबीजची लस द्यायला जाता, तेव्हाच चिप स्कॅन करून घ्या. कधीकधी ती खांद्याकडे सरकते, म्हणून स्कॅनर सगळ्या अंगावरून फिरवायला सांगा. आणि कुणाचा कुत्रा घेऊन परदेशी जायचा बेत असेल, तर क्रम लक्षात ठेवा. युरोपीय संघात आधी चिप, मग रेबीजची लस. उलटं केलंत तर ती लस धरतच नाहीत.

शिवाय गळ्यातला पट्टा सोडू नका. रस्त्यावरच्या काकांकडे स्कॅनर नसतो, पण पट्ट्यावरचा नंबर कुणालाही वाचता येतो. पट्टा निसटू शकतो, चिप निसटत नाही. दोन्ही हवेत.

आणि तुम्हाला पट्टा नसलेलं, घाबरलेलं, पण माणसाळलेलं कुत्रं दिसलं, तर फोटो टाकून थांबू नका. जमलं तर जवळच्या दवाखान्यात न्या आणि म्हणा, "एकदा स्कॅन करून बघता का?" आमच्या वॉचमनकाकांनी नेमकं तेच केलं होतं.

आता हे पान बंद करायच्या आधी एक काम. ज्यांच्याकडे चिपवाला प्राणी आहे, त्यांनी आत्ता नोंद उघडा. ऑनलाइन नसेल तर दवाखान्यात फोन करा आणि त्यातला नंबर तपासा. शहर बदललं, सिम बदललं, ब्रेकअपनंतर कुत्रा कुणाकडे राहिला हे बदललं, तर तो नंबरही बदला. आणि सोबत घरच्या आणखी एकाचा द्या. बंड्याच्या नोंदीत आता दोन नंबर आहेत. पहिला आईचा. ती फोन उचलते.

भेटू पुढच्या भागात!