वजन उतरल्यावर मनाचे काय?

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेविषयी आपल्या बुलढाणा जिल्ह्यात आता पूर्वीइतके अज्ञान राहिलेले नाही. विदर्भातीलच नेते श्री. नितीन गडकरी यांनी २०११ साली मुंबईत ही शस्त्रक्रिया करून घेतली, त्या वेळी वर्तमानपत्रांतून तिचे नाव गावोगाव पोचले. परंतु चर्चा होते ती बहुधा किलोंची. किती उतरले, किती दिवसांत उतरले, खर्च किती आला! ज्याचे वजन उतरले त्याच्या मनाची अवस्था काय झाली, हे सहसा कोणी विचारीत नाही. आज आम्हांस त्याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

प्रथम या शस्त्रक्रियेत होते काय, ते पाहू. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात डॉ. एडवर्ड मेसन आणि डॉ. चिकाशी इतो यांनी १९६६ साली जठराचा लहानसा भाग वेगळा करून तो आतड्यास जोडण्याची पद्धत सुरू केली. तिलाच बायपास म्हणतात. आज आपल्या देशात अधिक प्रचारात आहे ती दुसरी पद्धत. तीत जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग कापून काढतात आणि केळ्याच्या आकाराची अरुंद नळी तेवढी ठेवतात. भूक चेतविणारे घ्रेलिन नावाचे द्रव्य जपानी शास्त्रज्ञांनी १९९९ साली शोधून काढले. ते मुख्यतः याच कापलेल्या भागात तयार होते. तेव्हा पोटात जागा कमी होते एवढेच नव्हे, तर भूकही मंदावते.

यामुळे पहिल्या सहा महिन्यांत वजन झपाट्याने उतरते. पुढे वेग मंदावतो, आणि वर्ष-दीड वर्षाने काटा एका जागी थांबतो. कित्येकांचे थोडे वजन परतही येते. नेमक्या याच टप्प्यावर माणूस खचतो. ‘एवढा खर्च केला, एवढा त्रास सोसला, आणि शेवटी मीच कमी पडलो,’ असे त्याच्या मनाने घेतले की तो डॉक्टरांकडे जाण्याचे टाळू लागतो.

वस्तुतः यात अपयश कोणतेच नाही. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या मोठ्या पाहणीत बायपास झालेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी उतरले. दहा वर्षांनी ती घट २५ टक्के राहिली होती. तरीही शस्त्रक्रिया झालेल्यांत मृत्यूचे प्रमाण, ती न झालेल्यांपेक्षा कमीच आढळले. म्हणजे काटा थोडा वर सरकला तरी लाभ टिकून होता. ही गोष्ट रोग्यास आधीच सांगून ठेवली, तर पुढचा कितीतरी मनस्ताप वाचेल.

दुसरी अडचण अशी की, शरीर बदलते त्या वेगाने मन बदलत नाही. वीस वर्षे स्थूल देहाने वावरलेला माणूस एस. टी.त शिरताना अजूनही अंग चोरतो, खुर्ची मोडणार नाही ना, हे चाचपून पाहतो. आरशात त्याला जुनाच माणूस दिसतो. त्यात सैल पडलेली कातडी आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात गळू लागणारे केस. केस बहुधा पुन्हा येतात. परंतु ते येईपर्यंत धीर धरावा लागतो.

तिसरी गोष्ट अन्नाची. दुःख झाले, खा. आनंद झाला, खा. ही आपली जुनी रीत. तो आधार एका दिवसात नाहीसा होतो आणि त्याच्या जागी दुसरे काही आलेले नसते. काहींच्या बाबतीत ती जागा मद्य घेते. विशेषतः बायपासनंतर मद्य रक्तात लवकर भिनते, आणि दुसऱ्या वर्षापासून हा धोका वाढतो, असे आढळले आहे. काही जणांच्या मनात जीवाचे बरेवाईट करण्याचे विचारही येतात. अशा वेळी संकोच न करता मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या ‘टेली-मानस’ या सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

चौथी अडचण म्हणजे आपण स्वतः, म्हणजे समाज. २०१७ साली मुंबई महापालिकेच्या निवडणुकीच्या दिवशी एका स्थूल पोलिसाचे छायाचित्र समाजमाध्यमावर टाकून बंदोबस्त ‘भारी’ असल्याची कोटी करण्यात आली. ते गृहस्थ मध्यप्रदेशातील पोलीस निरीक्षक होते. आपले वजन आजारामुळे वाढले, असे त्यांना जाहीरपणे सांगावे लागले. पुढे मुंबईतच त्यांच्यावर ही शस्त्रक्रिया झाली. दूरच्या शहरात हे घडले म्हणून आपण सुटलो असे नाही. काल ज्याला ‘ढोल’ म्हणून हिणवले, त्यालाच आज बाजारात अडवून आपण विचारतो, ‘काय हो, फार उतरलात, मोठे दुखणे आहे काय?’ आणि पंगतीत पुन्हा आग्रह करतो, ‘एवढ्याने काय होते? एक पुरणपोळी घ्याच!’ त्या बिचाऱ्याच्या पोटात वाटीभर अन्नालाही जागा नसते.

मग करावे काय? वजन रोज न पाहता आठवड्यातून एकदाच पाहावे. प्रगती किलोंखेरीज अन्य मापांनीही मोजावी : साखरेचे औषध किती कमी झाले, झोप कशी लागते, लोणारच्या विवरात उतरून न थांबता वर चढता येते काय? अशी शस्त्रक्रिया करण्यास आपल्याकडील माणसाला बहुधा संभाजीनगर, नागपूर, पुणे वा मुंबई गाठावी लागते, आणि परत आल्यावर तो एकटा पडतो. म्हणून बी-१२, लोह, कॅल्शियम व ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या आणि रक्ताची तपासणी ही जन्मभराची आहे, हे घरातील एकाने तरी लक्षात ठेवावे.

आणि आपण शेजाऱ्यांनी एवढेच करावे. त्याने अर्ध्या भाकरीवर हात आवरला तर आग्रह करू नये, आणि भेटल्यावर वजन न विचारता प्रकृती विचारावी.