पहिल्या दहा सेकंदांतले मत

बोलताना नजरेला नजर न देणारा, एका सुरात बोलणारा माणूस भेटला की समोरच्याचे मत झटपट बनते: शिष्ट दिसतो, नाहीतर काहीतरी लपवतोय. स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, असलेल्या अनेक प्रौढांच्या वाट्याला हे येते. आपला मराठी शब्दही पाहणाऱ्याच्या बाजूनेच बेतलेला आहे. आपल्यातच मग्न, हे बाहेरून दिसणारे चित्र झाले.

असे मत नेमके कशावरून बनते, हे टेक्सास विद्यापीठाच्या डॅलस येथील मानसशास्त्रज्ञ नोआ सॅसन व सहकाऱ्यांनी तपासले. ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’मध्ये २०१७ साली ते प्रसिद्ध झाले. टीव्हीवरच्या रिअ‍ॅलिटी शोच्या निवडीला आलात असे समजून स्वतःविषयी बोला, असे २० स्वमग्न आणि २० इतर प्रौढांना सांगून चित्रीकरण केले गेले. त्यातला दहा सेकंदांचा तुकडा विद्यार्थ्यांपुढे ठेवला. कुणाला आवाजासह चित्रफीत, कुणाला मूक चित्रफीत, कुणाला नुसता आवाज, कुणाला एकच स्थिरचित्र. स्वमग्न कोण, हे सांगितलेले नव्हते. तरीही या चारही प्रकारांत स्वमग्न व्यक्ती कमी पसंत पडल्या. त्यांच्याशी बोलावे, शेजारी बसावे, अशी इच्छाही कमीच दिसली.

पाचव्या गटाला मात्र तेच बोलणे फक्त कागदावर वाचायला दिले होते. तिथे हा फरक उरला नाही. म्हणजे बोलण्याच्या मजकुरात खोट नव्हती. नापसंती आली ती आवाज, चेहरा आणि हालचालींवरून.

ब्रिटनमधील अभ्यासक डेमियन मिल्टन, जे स्वतः स्वमग्न आहेत, त्यांनी २०१२ मध्येच म्हटले होते की गैरसमज दोन्हीकडून होतो. स्वमग्न माणसाला इतरांचे मन वाचता येत नाही, असे म्हणतात; इतरांनाही त्याचे वाचता येत नाही. सॅसन यांच्या २०१९ च्या अभ्यासात, समोरची व्यक्ती स्वमग्न आहे हे कळल्यावर मत सुधारले. स्वमग्नतेची माहिती अधिक असणाऱ्यांचे मत अधिक अनुकूल होते.

पण सांगायचे की नाही, हा निर्णय सोपा नाही, विशेषतः नोकरीच्या मुलाखतीत. भारतात २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे आणि सरकारी आस्थापनांनी वाजवी सोयी द्याव्यात, असे तो सांगतो. प्रश्न आधी लेखी देणे किंवा गप्पांऐवजी कामाचा नमुना करून घेणे, या सोयी खासगी कंपनीलाही फारशा खर्चाच्या नाहीत.