कोयनेचे दरवाजे आणि कृष्णाकाठची गावे

महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावणारी कोयना नदी दक्षिणेकडे वाहत येते, हेळवाकजवळ पूर्वेस वळते आणि कराड येथे कृष्णेस मिळते. या नदीवर सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यात उभे असलेले 103 मीटर उंचीचे कोयना धरण महाराष्ट्राची भाग्यलक्ष्मी म्हणून ओळखले जाते. त्याच्या शिवसागर जलाशयात 105.25 अब्ज घनफूट, म्हणजेच टीएमसी, पाणी मावते. पावसाळ्यात मात्र सातारा व सांगली जिल्ह्यांतील नदीकाठच्या गावांत एकच प्रश्न विचारला जातो : धरणाचे दरवाजे केव्हा उघडणार आणि किती? या प्रश्नामागील शास्त्र सरपंच, शिक्षक व कर्मचारी यांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

एक जलाशय, तीन कामे

कोयनेचे पहिले काम वीजनिर्मितीचे. सह्याद्री पोखरून नेलेल्या बोगद्यांतून पाणी पश्चिमेस कोकणात उतरते. सर्व टप्पे मिळून प्रकल्पाची क्षमता सुमारे 1,960 मेगावॉट आहे. पश्चिमेकडे वळवावयाच्या पाण्यास कृष्णा पाणी तंटा लवादाने वर्षाला 67.5 टीएमसीची मर्यादा घातली आहे. दुसरे काम सिंचनाचे. उन्हाळ्यात पूर्वेकडे सोडलेल्या पाण्यावर कृष्णाकाठच्या पाणीपुरवठा योजना आणि टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा सिंचन योजना अवलंबून असतात. तिसरे काम पूरनियंत्रणाचे.

पहिल्या दोन कामांसाठी पावसाळा संपताना धरण भरलेले हवे. तिसऱ्या कामासाठी पावसाळ्यात त्यात मोकळी जागा हवी. पाण्याने व्यापलेली जागा पुराचे पाणी सामावून घेऊ शकत नाही. म्हणून कोणत्या तारखेस जलाशयाची पातळी किती असावी, याचा आराखडा तयार केलेला असतो. त्यालाच जलाशय परिचलन सूची म्हणतात. पाऊस पुढे येईल या भरवशावर जागा मोकळी ठेवावयाची आणि तो आला नाही तर उन्हाळ्यात टंचाई सोसावयाची, असा हा अवघड हिशेब आहे.

मोकळ्या जागेचा हिशेब

एक टीएमसी म्हणजे 100 कोटी घनफूट. सेकंदास एक घनफूट या वेगास क्युसेक म्हणतात. 11,574 क्युसेकचा प्रवाह दिवसभर वाहिला म्हणजे एक टीएमसी पाणी होते. उदाहरणादाखल समजा, जलाशयात 10 टीएमसी जागा शिल्लक आहे आणि एक लाख क्युसेक आवक सुरू झाली. दरवाजे बंद ठेवल्यास ती जागा सुमारे 28 तासांत संपेल. त्यानंतर जेवढे पाणी येईल तेवढे सोडण्यावाचून गत्यंतर राहणार नाही. तेच आरंभापासून 50,000 क्युसेक सोडले, तर हीच जागा सुमारे 56 तास पुरेल. त्या अवधीत पाऊस ओसरला, तर खालच्या गावांवर एक लाखाचा लोंढा कधीच येणार नाही. पूर दिसण्यापूर्वीच पाणी का सोडतात, याचे उत्तर या हिशेबात आहे.

मग जूनमध्येच धरण रिकामे का करीत नाहीत? सांडव्यावरील सहा वक्राकार दरवाजे धरणाच्या वरच्या भागात आहेत. पाणी सांडव्याच्या माथ्यावर चढेपर्यंत त्यांतून विसर्ग होऊ शकत नाही. तोवर पूर्वेकडे मुख्यतः पायथा वीजगृहातून सुमारे 2,100 क्युसेक पाणी जाते. दिवसाकाठी ते 0.18 टीएमसी इतकेच भरते. पश्चिमेकडेही हवे तेवढे पाणी लोटता येत नाही, कारण वीजगृहांतील पाणी वाशिष्ठी नदीस मिळते आणि तिच्या काठी चिपळूण आहे.

सर्व पूर धरणाचा नव्हे

सांगलीस येणारे पाणी एकट्या कोयनेचे नसते. कृष्णेच्या वरच्या खोऱ्यातील धरणांचा विसर्ग, येरळा आणि हरिपूर येथे मिळणारी वारणा यांचे पाणी त्यात असते. शिवाय धरणांच्या खालच्या मुक्त पाणलोटात पडणाऱ्या पावसावर कोणत्याही दरवाजाचा ताबा नाही. आयर्विन पुलाजवळ 45 फूट ही धोक्याची पातळी आहे. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांवर गेले. जुलै 2021 मध्ये महाबळेश्वरास एका दिवसात सुमारे 594 मिलिमीटर पाऊस झाला आणि कृष्णाकाठ पुन्हा पाण्याखाली गेला. अशा पावसात धरण पुराचा जोर कमी करू शकते आणि सावध होण्यास वेळ मिळवून देऊ शकते. पूर अजिबात येऊ न देणे त्याच्या शक्तीबाहेरचे आहे.

देखभालीचे महत्त्व

ऐन पावसात दरवाजा अडकला, तर वरील सर्व हिशेब व्यर्थ ठरतात. म्हणून दरवाजे, त्यांची उचलयंत्रे, तारदोर व रबरी सील यांची तपासणी पावसाळ्यापूर्वी पूर्ण व्हावी लागते. वीज खंडित झाल्यास पर्यायी व्यवस्था सज्ज हवी. धरणाच्या अंतर्भागातील गॅलरीत झिरपणाऱ्या पाण्याचे मोजमाप नियमित ठेवावे लागते. झिरप अकस्मात वाढणे हा धोक्याचा इशारा होय. 11 डिसेंबर 1967 च्या भूकंपात कोयना धरणास तडे गेले होते. त्यानंतर धरणाचे मजबुतीकरण करण्यात आले. धरण सुरक्षा अधिनियम, 2021 अन्वये पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर तपासणी बंधनकारक आहे.

ग्रामपंचायतींचे कर्तव्य

धरणातून सोडलेले पाणी गावापर्यंत येण्यास काही तास लागतात. हा अवधी धरणाने गावाला मिळवून दिलेला असतो. तो वाया घालविणे किंवा सत्कारणी लावणे गावाच्या हाती आहे. 2019 च्या पुरात पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे लोकांना बाहेर काढताना बोट उलटून अनेकांचे प्राण गेले. पाणी अंगणात येण्याची वाट न पाहता इशारा मिळताच हलणे, हाच त्यातला धडा आहे.

विसर्गाचा आकडा कळताच तो चावडीवर व शाळेच्या फळ्यावर लिहावा. पूर्वीच्या पुरांच्या खुणा भिंतींवर रंगवून ठेवाव्यात, म्हणजे आयर्विन पुलाजवळ किती फूट पाणी झाले असता आपली कोणती आळी बुडते, हे लहानमोठ्या सर्वांस कळेल. वृद्ध, आजारी माणसे, गरोदर स्त्रिया व जनावरे प्रथम हलवावीत. त्यांची यादी मे महिन्यातच तयार असावी. निळ्या पूररेषेच्या आत नवे बांधकाम होऊ देऊ नये. धरणावरील अभियंत्याने वेळेवर उघडलेला दरवाजा आणि गावाने वेळेवर सोडलेले घर, या दोहोंच्या मेळातूनच पूरनियंत्रण साधते.