डबल बोन, ट्रिपल कोट आणि वीस नखं

“लॅब पपी, डबल बोन, हेवी कोट, ३५ दिवस, विदाउट पेपर. होम डिलिव्हरी.”

पाटस, यवत, दौंड, शिरूर, कुठल्याही गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर असली जाहिरात अधूनमधून येऊन पडते. पुणे-सोलापूर महामार्ग पाटसच्या दारातून जातो, दौंड-बारामतीचे रस्तेही इथूनच फुटतात. त्यामुळे पुण्यात खोक्यात भरलेलं पिल्लू जेवणाच्या वेळेपर्यंत घरात हजर. जाहिरातीत शब्द मोजके असतात, पण त्यातला एकही कुत्र्याविषयी धड काही सांगत नाही. एक तर चक्क गुन्ह्याची कबुली देतो.

तो म्हणजे ‘३५ दिवस’. श्वान प्रजनन आणि विक्रीविषयीचे केंद्राचे नियम २०१७ साली आले. त्यांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही आणि कुत्र्यांची पैदास करणाऱ्याला राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. लोकांना वाटतं, पिल्लू जितकं लहान आणावं तितका त्याचा जीव लागतो. प्रत्यक्षात चावा किती जोरात घ्यायचा, कधी सोडायचा हे पिल्लू आईकडून आणि भावंडांकडूनच शिकतं. पाचव्या आठवड्यात आणलेलं पिल्लू पुढे पोरांच्या हाताला दात लावायला लागलं की दोष त्याच्या जातीला दिला जातो. लसीकरणही सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून सुरू होतं, म्हणजे ३५ दिवसांचं पिल्लू पार्वो विषाणूच्या तोंडी उघडंच असतं.

आता ‘डबल बोन’. कुत्र्याच्या अंगात साधारण ३२० हाडं असतात. शेपटीची लांबी आणि बोटांची संख्या यांमुळे दोन-चार इकडेतिकडे, पण दुप्पट कुणाचीच नसतात. विकणाऱ्याला म्हणायचं असतं की पाय जाड आहेत. ते जाड दिसावेत म्हणून पिल्लाला कॅल्शियमच्या बाटल्या पाजतात, घेणाराही तोच कित्ता गिरवतो. इथे खरं नुकसान होतं. मोठ्या जातींच्या पिल्लांना जादा कॅल्शियमचं शोषण आवरता येत नाही, जेवढं द्याल त्यातलं बरंच अंगात मुरतं आणि सांध्यांची वाढ बिघडते. लॅब्राडॉर, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर यांच्यात खुब्याचा सांधा सैल राहण्याचा दोष आधीच आनुवंशिक असतो. त्यात खायला घालून गुटगुटीत केलेलं पिल्लू दोन वर्षांत मागचे पाय ओढायला लागतं. तेव्हा डबल बोन म्हणून मोजलेले पैसे आठवतात.

‘हेवी कोट’ मात्र अर्धवट खरा आहे. कोट म्हणजे अंगावरचे केस, आणि ‘डबल कोट’ हा खराखुरा शब्द आहे: वर राठ केस, खाली मऊ लोकरीसारखा थर. लॅबचे केस आखूड असले तरी त्याचा कोट डबलच असतो. न्यूफाउंडलंडच्या थंडगार पाण्यात कोळ्यांबरोबर काम करणाऱ्या कुत्र्यांचा तो वंशज. म्हणून ‘आखूड केसांचा घ्या, केस गळणार नाहीत’ हा सल्ला लॅबच्या घरात आठ दिवसही टिकत नाही. सोफ्यावर, सतरंजीवर, डाळीच्या डब्यात, सगळीकडे केस.

राहिलं ‘विदाउट पेपर’. पेडिग्री हे आपल्याकडे खाद्याच्या पाकिटाचं नाव होऊन बसलं आहे, पण तिचा अर्थ वंशावळ. केनेल क्लब ऑफ इंडियाचा कागद सांगतो तो पिल्लाचे आई-बाप, आजे-पणजे कोण एवढंच. तब्येतीची हमी तो देत नाही. खुब्याचा एक्स-रे, डोळ्यांची तपासणी हे वेगळं मागावं लागतं. आणि कागदच नसेल तर ‘ओरिजिनल’, ‘शंभर टक्के प्युअर’ या बोलण्याला काही आधार उरत नाही. मला विचाराल तर कागद नसलेलं पिल्लू आणायला हरकत काहीच नाही. हरकत आहे ती कागदाशिवाय कागदाची किंमत मोजायला.

नावांचा घोळ वेगळाच. घरोघरच्या पांढऱ्या ‘पामेरियन’पैकी बहुतेक पामेरियन नसतात. खरा पामेरियन दीड ते सव्वातीन किलोचा जीव. आपल्याकडचा त्याच्या दुप्पट-तिप्पट वजनाचा, लांब तोंडाचा, तो इंडियन स्पिट्झ. ‘हम आपके हैं कौन’मधला टफी याच जातीचा, आणि १९९४ नंतर त्याचा भाव वाढला तो ‘पॉम’ या नावाने. उलट अल्सेशियन आणि जर्मन शेफर्ड या दोन जाती समजून कट्ट्यावर वाद घालणारे भेटतात, ती एकच जात आहे. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांना जर्मन हे नाव नकोसं झालं म्हणून त्यांनी अल्सेशियन म्हणायला सुरुवात केली. ब्रिटनच्या केनेल क्लबने १९७७ मध्ये जुनं नाव परत आणलं.

आता आपल्या मातीतल्या जातीकडे येऊ, कारण सगळ्यांत जास्त गैरसमज तिच्याच वाट्याला आलेत. लांब निमुळतं तोंड, खोल छाती, आत गेलेलं पोट, चाबकासारखी शेपूट, हा कारवान. सीमेपलीकडे बागलकोट जिल्ह्यातल्या मुधोळच्या घोरपडे संस्थानाने तो जोपासला म्हणून मुधोळ हाउंड. केनेल क्लब ऑफ इंडिया त्याला कॅरव्हान हाउंड म्हणून नोंदवतो, इंडियन नॅशनल केनेल क्लब मुधोळ हाउंड म्हणून. कुत्रा तोच. कानांवर, पायांमागे, शेपटीला झुपकेदार केस असले की त्याला पश्मी म्हणतात. पश्मी कुठल्या अफगाणी कुत्र्याशी संकर करून काढलेला, अशी बतावणी करून जादा पैसे घेणारे आहेत. कोटाचा प्रकार वेगळा, एवढाच फरक. २००५ साली टपाल खात्याने देशी कुत्र्यांची चार तिकिटं काढली, त्यांत मुधोळ होता.

कारवान पाहिला की पहिला शेरा ठरलेला: “खायला घालत नाहीत का ह्याला?” शेवटच्या दोन-तीन बरगड्या आणि कमरेची हाडं दिसणं ही या कुत्र्याची निरोगी अवस्था आहे. त्याला लॅबसारखं गोल केलं की तो आजारी पडतो. अंगावर चरबी नसल्यामुळे डिसेंबरातल्या पहाटे तो कुडकुडतो, त्याला पोत्याचं का होईना अंथरूण लागतं. त्याच चरबीअभावी भुलीची काही औषधं अशा कुत्र्यांच्या अंगातून उशिरा उतरतात. नसबंदीला नेताना डॉक्टरांना ‘कारवान आहे’ हे आठवणीने सांगावं.

दुसरा गैरसमज, कारवान म्हणजे राखणीचा कुत्रा. तो नजरेने सावज हेरून धावणारा शिकारी आहे, आणि सशाची शिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा ठरली आहे. रात्रभर मळ्यात बसून राहण्याचा त्याचा पिंड नाही. राखणीचं काम पिढ्यान्‌पिढ्या करत आला तो धनगरांचा कुत्रा. दिवाळीनंतर मेंढरांचे कळप शिवारातून सरकायला लागतात, खतासाठी रात्री शेतात बसवले जातात. तेव्हा नीट पाहा: जाळीच्या आत मेंढरं, बाहेर घोडी आणि बिऱ्हाड, आणि त्याहून थोडं लांब, अंधाराकडे तोंड करून कुत्रं पडलेलं. शेजारून मोटरसायकल गेली तर डोकं उचलून बघतं, भुंकतही नाही. बांध ओलांडून दोन पावलं आत टाका, मग कळतं. त्याला ना कागद ना स्टँडर्ड, धनगरांनी फक्त कामाचं पिल्लू ठेवत ठेवत तो घडवला. ब्रीड या कल्पनेला लेखी नियम येऊन जेमतेम दीडशे वर्षं झालीत, लंडनचा केनेल क्लब १८७३ चा. त्याआधी जगभर कुत्री अशीच कामावरून निवडली जायची.

गावातल्या मोकळ्या कुत्र्याला ‘मिक्स’ म्हणणारेही चुकतात. गावठी कुत्रा म्हणजे विलायती जातींची खिचडी नाही. त्या जाती घडल्या त्याच्या कितीतरी आधीपासून तो इथे आहे. आखूड कोट, उभे कान, मध्यम बांधा, सगळं इथल्या उन्हाला बेतलेलं.

पिल्लू निवडायच्या गावाकडच्या कसोट्याही बघू. काळी टाळू असेल तर तिखट निघतं, कान धरून उचललं आणि केकाटलं नाही तर अस्सल. टाळूचा, जिभेचा काळेपणा हा रंगद्रव्याचा डाग आहे, अनेक जातींत असतो आणि स्वभावाशी त्याचा संबंध नाही. कान धरून उचलणं हा निव्वळ छळ आहे. आणि मग वीस नखांचा कुत्रा! सर्वसाधारण कुत्र्याला अठरा नखं असतात: पुढे पाच-पाच, मागे चार-चार. काहींना मागेही आतल्या बाजूला वर एक अंगठ्यासारखं नख येतं, तेव्हा ती वीस होतात. हे आनुवंशिक आहे. ग्रेट पिरेनीज जातीत तर मागे जोडनखं असणंच नियमात धरतात. वीस नखी कुत्रं चावलं तर विष जास्त भिनतं, असं ठासून सांगितलं जातं. रेबीजचा विषाणू लाळेत असतो, नखांच्या हिशेबात नाही. कुठलंही कुत्रं किंवा मांजर चावलं तरी जखम १५ मिनिटं साबणाने वाहत्या पाण्याखाली धुवायची आणि लस घ्यायची. त्या आतल्या नखाची खरी गोष्ट वेगळीच आहे: ते जमिनीला टेकत नाही म्हणून झिजत नाही, वाढून वळतं आणि मांसात रुततं. महिन्याकाठी ते तपासून कापणं एवढंच त्याचं महत्त्व.

एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार गेला की लोक शेफर्डची, स्पिट्झची हजामत करून आणतात. हेतू दयेचा, परिणाम उलटा. डबल कोट थंडीइतकाच उन्हालाही आडवा येतो. तो कापला की कातडी भाजते, आणि काही कुत्र्यांचे केस नंतर ठिगळाठिगळांनी उगवतात. कुत्रा घाम गाळून थंड होत नाही, घामाच्या ग्रंथी त्याच्या पंज्यांच्या गादीपुरत्या असतात. तो धापा टाकून थंड होतो. म्हणून कात्रीऐवजी कंगवा घ्यावा, खालचा गळका थर विंचरून काढावा, सावली आणि पाणी द्यावं, फिरवणं उजाडायच्या आत उरकावं. हस्की पाळायचाच असेल तर आधी विजेच्या बिलाचा विचार करावा. मी म्हणेन, पाळूच नये.

नाक कोरडं म्हणजे ताप, हेही खरं नाही. झोपून उठलेल्या धडधाकट कुत्र्याचंही नाक कोरडं असतं. त्याचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९.२ अंश सेल्सियस, म्हणजे आपल्या हाताला ते कायम कोमटच लागणार. शंका आली तर थर्मामीटर लावावा.

शिरूर-दौंडच्या उसात बिबट्या आता पाहुणा राहिलेला नाही, आणि त्यामुळे एक नवा समज पसरला आहे: रॉटवायलर किंवा पिटबुल आणून वस्तीवर बांधला की बिबट्या फिरकत नाही. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी नगर जिल्ह्यातल्या अकोले भागात बिबट्याच्या विष्ठेवरून त्याचा आहार तपासला. २०१४ साली छापून आलेल्या त्या अभ्यासात खाल्लेल्या मांसापैकी सुमारे ३९ टक्के पाळीव कुत्र्यांचं होतं, त्याखालोखाल मांजरांचं. म्हणजे बिबट्या वस्तीवर येतो तो मुळात कुत्र्यासाठी. साखळीने बांधलेला कुत्रा कितीही दांडगा असला तरी पळू शकत नाही आणि वळू शकत नाही. रात्री कुत्रं बंद गोठ्यात किंवा जाळीच्या पिंजऱ्यात, हाच उपाय.

खाण्यात कुत्रा आणि मांजर यांना एका ताटात बसवलं जातं, ती मोठी चूक. माणसाबरोबर राहून कुत्र्याला पिष्ट पचवायची ताकद लांडग्यापेक्षा जास्त आली आहे. भाकरी त्याला पचते, फक्त नुसत्या भाकरीवर भागत नाही, अंडं किंवा मांस हवं. मात्र कांदा-लसूण कच्चा असो की शिजवलेला, दोघांच्याही रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. कांद्याच्या या पट्ट्यात उरलेल्या रश्शात भाकरी कुस्करून घालायची सवय आहे, ती मोडावी. मांजर तर पक्कं मांसाहारी. त्याला टॉरिन नावाचं द्रव्य मांसातूनच मिळतं. ते कमी पडलं की दृष्टी जाते, हृदय फुगतं. दूध-पोळीवर वाढवलेलं मांजर उंदरांवर जगत असतं, मालकाच्या दुधावर नाही. दूध बहुतेक मोठ्या मांजरांना पचतही नाही.

मांजरांच्या बाजारात ‘ट्रिपल कोट पर्शियन’ मिळतं. केसांचे तीन प्रकार (लांब राठ, मधले, मऊ लव) पर्शियनप्रमाणेच गुऱ्हाळावर ढेपांच्या आडोशाला झोपणाऱ्या मांजरीच्या अंगावरही असतात. ‘पंच फेस’ म्हणजे चपटं तोंड. जितकं चपटं तितका भाव, तितकाच श्वासाचा त्रास आणि गळणारे डोळे. ‘डॉल फेस’ म्हणजे साधं नाकवालं, आणि घ्यायचंच असेल तर तेच बरं. त्याचा कोट रोज विंचरावा लागतो. जट झालीच तर कात्री लावू नये, मांजरीची कातडी पातळ असते, केसांबरोबर तीही कापली जाते. पर्शियन वंशात मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा आनुवंशिक आजार बराच आहे आणि त्याची जनुकीय चाचणी होते. विकणाऱ्याला ती विचारून बघा, चेहरा बघण्यासारखा होतो.

टॅबी, कॅलिको या जाती नाहीत, रंगांची नावं आहेत. पट्टेरी, कपाळावर रेघा असलेलं मांजर टॅबी. तीनरंगी ती कॅलिको, आणि ती जवळपास नेहमी मांजरीच असते. तांबूस रंगाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं, तांबूस आणि काळा दोन्ही दिसायला दोन एक्स लागतात. ‘दुर्मीळ तीनरंगी बोका’ लाखात विकायला काढणाऱ्याकडून शेपूट उचलून खात्री करून घ्यावी. पांढरं शुभ्र, दोन्ही डोळे निळे असलेलं मांजर आज्ञा ऐकत नाही म्हणून ते शिष्ट ठरतं. अशांपैकी ६५ ते ८५ टक्के जन्मतः बहिरी असतात.

आणि गोचीड. गुरांवर मारायचं किंवा कुत्र्याच्या मानेवर टाकायचं औषध ‘थोडं कमी’ करून मांजरीला लावतात. अशा अनेक औषधांत परमेथ्रिनसारखं द्रव्य असतं, कुत्र्याला ते चालतं, मांजरीच्या यकृताला ते निष्प्रभ करता येत नाही. काही तासांत थरथर, झटके सुरू होतात. तसं झालं तर कोमट पाण्याने आणि भांड्यांच्या साबणाने अंग धुवावं, टॉवेलात गुंडाळावं आणि लगेच डॉक्टर गाठावा, औषधाची बाटली बरोबर घेऊन. ताप वाटला म्हणून घरातली पॅरासिटामॉल तर अजिबात देऊ नये. एक गोळीसुद्धा मांजरीचा जीव घेऊ शकते.