देवाला पोलीस करू नका

मैत्रिणींनो, मुलांच्या चुकांवर आपण किती बोलतो! आज मी माझ्या स्वतःच्याच एका चुकीबद्दल सांगणार आहे. वाचून तुम्ही मला नावं ठेवाल, पण थोडं तुमच्याही घरात डोकावून पाहा.

गेल्या श्रावणातली गोष्ट. दूधवाल्याला द्यायची ५०० रुपयांची नोट मंगळवारी सकाळी सापडेना. फडताळ झालं, डबे झाले, उशीखाली पाहून झालं. धाकटी बालवाडीतली, सासूबाई गुडघ्यांमुळे खाटेवरच. राहिला थोरला, वय वर्षे नऊ. आदल्याच दिवशी त्यानं क्रिकेटच्या बॅटसाठी हट्ट धरला होता. माझ्या डोक्यात हिशेब पक्का जमला!

"नोट घेतलीस ना?"

"नाही गं आई."

तीनदा विचारलं, तीनदा नाही म्हणाला. मला शाळेत तास होता, उशीर होत होता. सगळ्यांसमोर मी ओरडले, "चल शिंगणापूरला! शनिदेवासमोर सांग. तिथं चोराचं न् खोटारड्याचं काय होतं, ठाऊक आहे ना?"

आमच्या नगर जिल्ह्यातल्या मुलाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. (२०२४ पासून कागदोपत्री अहिल्यानगर झालं, तोंडात अजून नगरच येतं.) नेवासे तालुक्यातलं शनिशिंगणापूर हे घरांना दारं नसलेलं गाव म्हणून प्रसिद्ध. चोरी करणाऱ्याला शनिदेव सोडत नाही, ही तिथली पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा. २०११ साली तिथं बँकेची शाखा निघाली, तीसुद्धा कुलपाविना!

पोर पांढरंफटक पडलं. म्हणालं, "घेतली मी. हरवली."

मला वाटलं, बघा, कसं कबूल करून घेतलं!

त्या रात्री तो उठून आजीच्या खाटेवर जाऊन बसला. "आजी, खोटं बोललं की डोळे जातात का गं?"

"काय खोटं बोललास रे?"

"नोट घेतली म्हणालो, ते."

सकाळी सासूबाईंनी मला हे सांगितलं. मी म्हटलं, "नाटकं आहेत, आई. लाडावू नका त्याला." पण तेव्हापासून तो संध्याकाळी देवासमोर यायचाच बंद झाला. धाकटी एकटीच हात जोडून शुभंकरोती म्हणायची.

पुढच्या सोमवारी मी शिवलीलामृत वाचायला पोथी उघडली. अकराव्या अध्यायात ५०० रुपयांची नोट! मागच्या सोमवारी दारात कुणीतरी आलं, म्हणून हाताला लागली ती नोट खूण म्हणून मीच आत घातली होती.

खरं सांगू? पहिला विचार मनात आला, तो गप्प बसण्याचा. पोराला बॅट आणून द्यावी, विषय संपला. सासूबाईंना तसं म्हणालेही. त्या जुन्या वारकरी. म्हणाल्या, "अगं, ज्ञानोबा रागावून ताटी लावून बसले, तेव्हा त्यांना समजावलं कुणी? धाकट्या मुक्ताईनं. लहान बहिणीच्या शब्दावर दार उघडताना त्यांना कमीपणा वाटला नाही. तुला कसला वाटतोय?"

त्याच संध्याकाळी दिवा लावला, सगळ्यांना बसवलं. आळ सगळ्यांसमोर घेतला होता, तर क्षमाही सगळ्यांसमोरच मागायला हवी. म्हटलं, "नोट मीच पोथीत ठेवली होती. नीट न शोधता तुझ्यावर आळ घेतला. देवाचं नाव घेऊन तुला घाबरवलं, ही तर त्याहून मोठी चूक. माझं चुकलं, बाळा."

तो बराच वेळ दिव्याकडे बघत राहिला. मग विचारलं, "आता शनिदेव तुला शिक्षा करणार?"

माझ्याच हातची काठी मला लागली! म्हटलं, "देव सगळं बघतो, हे खरं. म्हणजे तू नोट घेतली नव्हतीस, हे त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते मला."

तेव्हा कुठं तो रडला. मनसोक्त रडला.

पुढच्या रविवारी आम्ही नेवाशाला गेलो. एकाच तालुक्यातली ही दोन्ही ठिकाणं! प्रवरेकाठी 'पैस'चा खांब आहे. त्याला टेकून ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. तिच्या शेवटी पसायदान आहे. शाळाशाळांतून आपण ते म्हणतो, पण त्यातलं मागणं मला त्या दिवशी नव्यानं कळलं. दुष्टांचा नाश कर, असं ज्ञानेश्वरांनी मागितलं नाही. त्यांच्यातला दुष्टपणा जावा, एवढंच मागितलं. चूक वेगळी, माणूस वेगळा. मुलगा चुकला तरी तो चोर नव्हे, आणि आई चुकली तरी ती वाईट आई नव्हे, चूक कबूल केली तर!

शनिदेवावरची श्रद्धा खोटी नाही, बरं का. चुकले ती मी. माझा धाक पुरेना, म्हणून मी देवाला पोलीस केलं. अशानं मूल खरं बोलायला शिकत नाही, सुटका करून घ्यायला शिकतं. माझा मुलगा तर सुटण्यासाठी न केलेली चोरी कबूल करून बसला!

तुमच्या हातून असं काही घडलं, तर अनुभवाचे चार शब्द सांगते. 'माझं चुकलं' म्हणाल तेव्हा त्यापुढं 'पण तूही...' जोडू नका. काय चुकलं ते नेमकं सांगा, नुसतं 'झालं गेलं विसर' नको. खाऊ किंवा खेळणं देऊन क्षमा विकत घेऊ नका. बॅट आम्ही त्याला पुढं वाढदिवसालाच घेतली. आणि पुढच्या वेळी काय करणार, तेही सांगा. आमच्या घरी आता नियम आहे : वस्तू हरवली, की आधी सगळ्यांनी मिळून शोधायची, मग विचारायचं.

दिवाळीनंतरची गोष्ट. थोरला वाण्याकडून आला, मुकाट्यानं उभा राहिला. "आई, सुटे ५० रुपये माझ्याकडून पडले. माझं चुकलं." त्यापुढं 'पण' नव्हता. मीही आवाज चढवला नाही. दोघं मिळून रस्ता धुंडाळून आलो. पैसे नाहीच मिळाले.

संध्याकाळी मात्र शुभंकरोतीला तो आपणहून येऊन बसला होता.