घराचा गुत्ता देताना : हप्ते कसे बांधावेत?



उसाचे बिल हाती आले की आपल्या निलंगा भागात दोन विषय निघतात, एक लेकीचे लग्न आणि दुसरा घर. लग्नाचा हिशेब वडीलधारी मंडळी पै-पैने मांडतात. घराचे काम मात्र "मिस्त्री ओळखीचा हाय, बघून घेईल" एवढ्या भरवशावर सुरू होते. म्हणून गुत्तेदाराला पैसे केव्हा व किती द्यावेत, याची थोडी माहिती येथे देत आहोत.

जोखीम कशी मोजावी?

हिशेब सोपा आहे. दिलेल्या पैशातून उभ्या राहिलेल्या कामाची किंमत वजा करा. उरते ती आपली जोखीम. समजा, मालासकट गुत्ता १० लाखांचा ठरला. गुत्तेदार म्हणाला, "मालक, आधी निम्मे द्या, माल भरून ठेवतो." आपण ५ लाख दिले. जोते झाले, त्याचे काम भरले २ लाखांचे, आणि गुत्तेदार दुसऱ्या गावच्या कामावर निघून गेला. आता ८ लाखांचे काम बाकी आणि हाती ५ लाख. म्हणजे ३ लाखांचा खड्डा. शिवाय अर्धवट कामाला हात लावायला नवा मिस्त्री जादा दर मागतो, तो वेगळाच.

यासाठी हप्ता तारखेवर नव्हे, कामाच्या टप्प्यावर बांधावा. नमुना असा : करार व कामाची सुरुवात ५ टक्के, जोते २०, लिंटलपर्यंत भिंती २०, स्लॅब २५, गिलावा व फरशी १५, नळ-वायरिंग-रंग १०, आणि एक पावसाळा गेल्यावर गळती नाही हे पाहून उरलेले ५ टक्के. गुत्तेदारापाशी माल भरण्याइतके भांडवल नसेल, तर त्याची अडचण खरी आहे. अशा वेळी रोख उचल देण्यापेक्षा सिमेंट व सळई स्वतःच्या नावच्या पावतीने आणून द्यावी आणि ती रक्कम हप्त्यातून कापावी.

झाकण्याआधी पाहा

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात औसा, निलंगा, उमरगा भागांतील दगड-मातीची, जड माळवदाची घरे बसली आणि हजारो माणसे गेली. घराची ताकद पायात, सळईत आणि चारी भिंतींवरून फिरणाऱ्या लिंटलच्या पट्ट्यात असते. या गोष्टी नंतर दिसत नाहीत. म्हणून पाया बुजवण्याआधी व काँक्रीट ओतण्याआधी जाणकार इंजिनिअरला दाखवावे, मगच त्या टप्प्याचा हप्ता सोडावा. भूकंपानंतर घरदुरुस्तीची सरकारी मदतही काम पाहून टप्प्याटप्प्याने दिली गेली. घरकुल योजनेतही तीच रीत आहे.

काळ्या जमिनीत मुरूम किती खोल लागेल, हे खोदल्याशिवाय कळत नाही. तेव्हा ठरल्यापेक्षा जास्त खोल जावे लागल्यास फुटामागे दर काय, हे आधीच लिहून घ्यावे. चौरस फूट कसा मोजायचा, सज्जा व जिना धरायचा की नाही, पाणी कोणी आणायचे, सिमेंट-सळई महागली तर फरक कोणाचा, काम किती महिन्यांत, हेही करारात असावे. पैसे चेकने द्यावेत. रोख दिल्यास पावती घ्यावी.

आपल्या बाजूची जोखीम

१९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस दिल्यापासून १४ दिवसांत बिल मिळावयास हवे. तरी पैसा मागे-पुढे होतो, हे आपण जाणतो. शिवाय २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. तसे साल आले तर फडच हाती लागत नाही. म्हणून शेतात उभ्या उसाच्या भरवशावर स्लॅबची सेंट्रिंग लावू नये. स्लॅबचे पैसे बँकेत जमा असतील, तेव्हाच त्या टप्प्याला हात घालावा. काम मध्येच थांबले तर उघड्या सळया गंजतात आणि माणसे पांगतात. स्लॅबवर रोज पाणी मारावे लागते. विहीर-बोअर आटण्याआधी तो टप्पा उरकावा.

लातूरला फ्लॅट घ्यायचा असेल तर

मुलांच्या शिक्षणासाठी काही सभासद लातूरला फ्लॅट घेतात. तेथे २०१६ चा रेरा कायदा कामी येतो. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवरील आणि ८ पेक्षा जास्त फ्लॅटच्या नव्या प्रकल्पाची महारेराकडे नोंदणी लागते. नोंदणीकृत करारनामा केल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. नमुना करारनाम्यात करारानंतर ३० टक्क्यांपर्यंत, जोत्यापर्यंत ४५ आणि सर्व स्लॅब होईतो ७० टक्क्यांपर्यंत अशी मर्यादा आहे. शेवटचे ५ टक्के ताबा घेताना द्यावयाचे. ताब्यानंतर ५ वर्षांत बांधकामात दोष निघाल्यास बिल्डरने तो स्वखर्चाने दुरुस्त करावयाचा आहे.

स्वतःच्या जागेवर गुत्त्याने बांधलेल्या घराला मात्र हे संरक्षण नाही. तेथे आपला करार हाच आपला कायदा. तरी सभासदांनी मुहूर्ताचा नारळ फोडण्याआधी हप्त्यांचा कागद करावा आणि दोन साक्षीदारांसमोर सह्या घ्याव्यात, ही विनंती.